अस्पेल्ताचा निवडलेख आणि कुशच्या राजगादीचा उत्तराधिकार : एक चिकित्सा

सारांश

प्राचीन न्यूबियातील कुश राज्याच्या गादीवर इ.स.पू. ६०० च्या सुमारास आलेल्या अस्पेल्ता या राजाचा राज्यारोहणविषयक शिलालेख अभ्यासकांमध्ये ‘निवडलेख’ या नावाने ओळखला जातो. कुशमधील उत्तराधिकाराचा नियम कोणता होता, या प्रश्नाच्या चर्चेत हा लेख प्रमुख पुरावा म्हणून पुढे केला जातो. या एकाच लेखाच्या आधारे कोणी मातृवंशीय वारसा, कोणी बंधूवारसा, तर कोणी पितृवंशीय वारसा सिद्ध केला आहे. प्रस्तुत लेखात निवडलेखाच्या अंतर्गत रचनेची तपासणी करून असे प्रतिपादन केले आहे की, हा लेख म्हणजे उत्तराधिकाराच्या नियमाचे निवेदन नव्हे. वादग्रस्त ठरू शकणाऱ्या एका राज्यारोहणाचे ते समर्थन आहे. लेखातील खोडलेली नावे हाही या लेखाच्या अर्थाचाच भाग मानला पाहिजे.

बीजसंज्ञा : कुश, नापाता, अस्पेल्ता, निवडलेख, उत्तराधिकार, देवाचा कौल, राजभगिनी, मातृवंश.

प्रास्ताविक

इजिप्तच्या इतिहासात पंचविसावे राजघराणे म्हणून ज्यांची नोंद होते ते पिये, शबाका, तहार्का आदी राजे मूळचे कुशचे. इजिप्तच्या दक्षिणेस, आजच्या उत्तर सुदानमध्ये, नाइलच्या चौथ्या प्रपाताजवळील नापाता हे त्यांचे धार्मिक केंद्र होते. (या कुश राज्याचा रामपुत्र कुशाशी नामसाम्यापलीकडे कोणताही संबंध नाही, हे येथे नमूद करणे योग्य ठरेल.) असिरियन सैन्याने इ.स.पू. ६६३ च्या सुमारास थीब्ज लुटल्यानंतर तानुतामानी या राजास इजिप्तमधून माघार घ्यावी लागली आणि सर्वसाधारण इतिहासग्रंथांतून कुशचे नावही मावळले. वस्तुतः कुशचे राज्य त्यानंतर सुमारे हजार वर्षे टिकून होते. इजिप्तशी संबंध असेपर्यंतच कुशची दखल घ्यावयाची, ही इतिहासलेखनाची सवय या विस्मरणास कारणीभूत आहे.

तानुतामानीनंतर आत्लानेर्सा, सेन्कामानिस्केन, अन्लामानी आणि अस्पेल्ता असा राजांचा क्रम सांगितला जातो. सेन्कामानिस्केन हा अस्पेल्ताचा पिता, नासाल्सा ही त्याची माता आणि अन्लामानी हा त्याचा ज्येष्ठ बंधू व पूर्वाधिकारी होय. नुरी येथील राजकीय दफनभूमीत अस्पेल्ताचा पिरॅमिड असून जॉर्ज रायझनर यांनी १९१६ ते १९१८ या काळात तेथे उत्खनन केले. त्याची प्रचंड ग्रॅनाइट शवपेटी आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. परंतु अस्पेल्ताचे खरे महत्त्व त्याच्या काळातील शिलालेखांत आहे. आपण राजा कसा झालो, हे इतक्या तपशिलाने सांगणारा कुशचा दुसरा राजा क्वचितच आढळतो.

निवडलेखाचा परिचय

निवडलेख करड्या ग्रॅनाइटच्या शिलापट्टावर कोरलेला असून तो जेबेल बार्कल या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या अमूनच्या मंदिरात होता. १८६२ मध्ये इजिप्शियन लष्करातील एका अधिकाऱ्याला तेथे एकूण पाच शिलापट्ट आढळले. त्यांत पियेचा प्रसिद्ध विजयलेख, तानुतामानीचा स्वप्नलेख, हर्सियोतेफचा लेख, ‘बहिष्कारलेख’ म्हणून ओळखला जाणारा एक लेख आणि प्रस्तुत निवडलेख यांचा समावेश होता. हे सर्व पुढे कैरोच्या संग्रहालयात दाखल झाले. लेखांची लिपी चित्रलिपी असून भाषा इजिप्शियन आहे. राज्यकर्त्यांची मातृभाषा वेगळी होती. तथापि राजपदाविषयी अधिकृतपणे बोलण्याची भाषा म्हणून त्यांनी इजिप्शियनचाच स्वीकार केला होता. लेखाचा अर्थ लावताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

शिलापट्टाच्या शिरोभागी मेंढ्याचे मस्तक असलेला अमून सिंहासनावर बसला आहे. त्याच्या पायाशी राजा गुडघे टेकून आहे. समोर राजमाता नासाल्सा सिस्ट्रम हे खुळखुळ्यासारखे मंदिरवाद्य हाती घेऊन उभी आहे. राजा, देव आणि माता या तिघांचे हे एकत्र दर्शन लेखातील युक्तिवादाची जणू प्रस्तावनाच आहे.

मूळ कथनास राजाच्या पहिल्या वर्षातील तिथी दिलेली आहे. आधीचा राजा निवर्तला आहे आणि त्याचे सैन्य ‘शुद्ध पर्वत’ या नगरात, म्हणजे जेबेल बार्कल येथे, जमले आहे. या ठिकाणी कथनकार विश्वासू अधिकाऱ्यांची गणना करतो : सैन्यातील सहा सेनानी, गढ्यांवरील सहा अधिकारी, दप्तराचे सहा प्रमुख आणि राजगृहाच्या मुद्रांचे सात अधिकारी, असे एकूण पंचवीस जण. हे अधिकारी सैन्यास म्हणतात की, आपण गुराखी नसलेल्या कळपासारखे झालो आहोत, तेव्हा आपला स्वामी प्रकट करू या. सैन्य व्याकूळ होते. स्वामी आपल्यातच आहे, परंतु तो कोण हे आपणांस ठाऊक नाही, अशी त्याची अडचण आहे. विचारविनिमयानंतर सर्वांचे एकमत होते की, कुशचे राजपद शुद्ध पर्वतावरील अमूनच्या हाती आहे, म्हणून त्याच्याकडेच जावे.

मंदिरात गेल्यावर पुरोहित बाहेर येतात, जल व धूप अर्पण होतो. प्रथम ‘राजबंधूं’ना देवापुढे उभे केले जाते. देव त्यांपैकी कोणासही स्वीकारत नाही. मग दुसऱ्या खेपेस एकट्या अस्पेल्ताला पुढे आणले जाते आणि देव उजवा कौल देतो : हाच तुमचा राजा. त्यानंतर देवाच्या मुखाने त्याची वंशावळ सांगितली जाते. अस्पेल्ता गाभाऱ्यात जाऊन देवाची प्रार्थना करतो, पूर्वीच्या राजांचा मुकुट व राजदंड त्याला प्राप्त होतो आणि तो बाहेर येताच सैन्य हर्षभराने त्याचे स्वागत करते.

सैन्य, देव आणि वंश : तीन आधारांची रचना

वरवर पाहता हे कथन सरळ आहे. सैन्याने विचारले, देवाने सांगितले, राजा झाला. यावरूनच कुशमध्ये राजाची ‘निवडणूक’ होत असे, असा समज रूढ झाला आणि लेखाचे आधुनिक नावही त्यातूनच आले. परंतु कथनाची बारकाईने तपासणी केली असता काही प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न सैन्याच्या अज्ञानासंबंधी आहे. आधीच्या राजाचा सख्खा भाऊ आणि राजमाता नासाल्साचा पुत्र नगरात उपस्थित असताना सैन्यास आपला स्वामी ठाऊक नसणे संभवनीय वाटत नाही. स्वामी आपल्यातच आहे आणि तरीही अज्ञात आहे, ही मांडणी हेतुपूर्वक केलेली आहे. ज्ञान केवळ देवाजवळ आहे, असे ठरल्यावाचून देवाच्या कौलास महत्त्व येत नाही आणि सैन्याने आधीच कोणाचा पक्ष घेतला होता की काय, हा प्रश्नही उपस्थित होऊ शकत नाही. सैन्याचे अज्ञान ही येथे सैन्याच्या निःपक्षपातीपणाची ग्वाही ठरते.

दुसरा प्रश्न दोन खेपांच्या रचनेचा आहे. निवड खरोखर खुली असती तर अस्पेल्ता इतर राजबंधूंसमवेत पहिल्या खेपेसच देवापुढे उभा राहिला असता. त्याला स्वतंत्रपणे आणि शेवटी आणले जाते, याचा अर्थ कौल लावणाऱ्यांनी त्याचा विचार आधीपासूनच वेगळा केलेला होता. पहिल्या खेपेचे प्रयोजन नकारात्मक आहे. इतर सर्व राजबंधूंचा दावा देवाने स्वतः फेटाळला, हे जगजाहीर करणे हे ते प्रयोजन होय. या दृष्टीने पाहता पहिली खेप दुसरीइतकीच महत्त्वाची आहे. लेखाचे खरे श्रोते ते नाकारले गेलेले राजबंधू आणि त्यांचे पक्षपाती आहेत.

देवाच्या कौलाने राजपद मिळाल्याचा दावा कुशपुरता मर्यादित नाही. इजिप्तमध्ये तिसऱ्या थुतमोसने कार्नाक येथील लेखात, मिरवणुकीतील अमूनने आपणांस हेरले असे सांगितले आहे. हत्शेप्सुतनेही कौलाचा आधार घेतला होता. या दोघांच्याही राज्यारोहणात अडचण होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याचा वारसा निर्विवाद होता त्या राजास कौलाची कथा इतक्या विस्ताराने सांगण्याची गरज सहसा भासत नाही.

तिसरा आधार वंशाचा. देवाने कौल दिल्यानंतर वंशावळ सांगण्याचे काय कारण, असा प्रश्न येथे विचारला पाहिजे. देवाची इच्छा पुरेशी असेल तर वंश अनावश्यक ठरतो. वंश पुरेसा असेल तर कौल अनावश्यक ठरतो. लेखात सैन्याची मागणी, देवाचा कौल आणि वंशाचा पुरावा हे तिन्ही आधार एकापुढे एक रचलेले आहेत. त्यांपैकी कोणताही एक आधार त्या काळी सर्वमान्य नियम म्हणून पुरेसा असता, तर उरलेल्या दोहोंवर इतका भर दिला गेला नसता. निवडलेखास राज्यघटना समजणाऱ्या कोणत्याही मतापुढील ही मूलभूत अडचण आहे.

मातृवंशाच्या सिद्धान्ताची चिकित्सा

निवडलेखातील वंशावळ हा सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग होय. देव प्रथम सांगतो की, अस्पेल्ताचा पिता हा आपला पुत्र, म्हणजे राजा, होता. त्यानंतर मातेचा उल्लेख येतो, मग मातेच्या मातेचा, अशा क्रमाने सात स्त्रियांची परंपरा दिली जाते. या स्त्रियांस ‘राजभगिनी’ ही पदवी लावलेली आहे. पितृकुळाची एक पिढी आणि मातृकुळाच्या सात, हे प्रमाण कोणाही वाचकाचे लक्ष वेधून घेते.

मॅकअ‍ॅडम यांनी १९४९ मध्ये कावा येथील शिलालेख प्रसिद्ध करताना कुशच्या उत्तराधिकाराची जी उपपत्ती मांडली, तीनुसार राज्य एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे आणि बंधू संपल्यावर ज्येष्ठ बंधूच्या पुत्रांकडे जात असे. मातृवंशास त्यात पात्रता ठरविणारे स्थान होते. लास्लो तोरोक यांनी पितृवंश व मातृवंश यांचा मेळ घालणारी भूमिका घेतली. अँजेलिका लोहवासर यांनी २००१ मधील ग्रंथात राजस्त्रियांच्या भूमिकेचा स्वतंत्र अभ्यास केला. दानएल कान यांनी २००५ मध्ये पंचविसाव्या घराण्यासंबंधी पितापुत्र वारशाचा पक्ष मांडला. साधने जवळपास तीच असताना निष्कर्ष परस्परविरुद्ध निघतात, ही स्थिती साधनांच्या स्वरूपाविषयी काही सांगणारी आहे.

मातृवंशाच्या सिद्धान्तास ग्रीक लेखकांच्या उल्लेखांचे पाठबळ मिळाले. दमास्कसचा निकोलाउस लिहितो की, इथिओपियन लोक भगिनींना विशेष मान देतात आणि त्यांचे राजे स्वतःच्या पुत्रांऐवजी भाच्यांकडे राज्य सोपवितात. या विधानाशी निवडलेखाची सांगड घालण्यात आली. परंतु निकोलाउस अस्पेल्तानंतर सुमारे सहाशे वर्षांनी होऊन गेला. शिवाय अस्पेल्ताच्या बाबतीत भाच्यास राज्य मिळाल्याचे लेख म्हणत नाही. राजाचा पुत्र आणि राजाचा बंधू म्हणूनच तो गादीवर येतो. वंशावळीत पिता प्रथम येतो, ही गोष्टही या सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्यांनी पुरेशी विचारात घेतलेली नाही.

मग सात स्त्रियांचे प्रयोजन काय? याचे उत्तर तहार्काच्या कावा येथील लेखांत शोधता येते. तेथे राजवंशाचा आद्य पुरुष आलारा याने आपली भगिनी अमून देवास समर्पित केली आणि तिच्या संततीस राजपद मिळावे अशी देवाची कृपा संपादन केली, असे तहार्का सांगतो. ही भगिनी त्याच्या मातृकुळातील होती. म्हणजे भगिनीची परंपरा ही देवाशी झालेल्या या कराराची वाहक आहे. निवडलेखातील स्त्रियांची साखळी याच आलाराच्या भगिनीपर्यंत पोहोचत असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. राजपद स्त्रीकडून पुत्राकडे मालमत्तेसारखे उतरत होते, असा अर्थ यातून निघत नाही. अमूनची कृपा ज्या वंशधारेत होती, त्या धारेत आपण जन्मलो, एवढेच ही वंशावळ सांगते.

या वंशावळीचा आणखी एक पैलू फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. वंशावळ कोणास वगळते, हे पाहिल्यास प्रतिस्पर्धी कोण असतील याचा अंदाज करता येतो. पिता एकच, परंतु माता भिन्न, असे जे सावत्र बंधू असतील त्यांच्याहून अस्पेल्ताचा वेगळेपणा केवळ मातृकुळानेच दाखविता येत होता. पित्याचे नाव त्यांनाही तितकेच उपलब्ध होते. म्हणून पित्यास एक ओळ पुरली आणि मातेस सात पिढ्या लागल्या. अन्लामानीस पुत्र असल्यास त्यांच्याविरुद्धही राजमाता नासाल्साचे नाव हा प्रभावी आधार होता. अन्लामानीच्या कावा येथील लेखातही नासाल्सा आपल्या पुत्राचे राजवैभव पाहावयास आल्याचे वर्णन आहे. त्या प्रसंगाची तुलना होरसला पाहणाऱ्या इसिसशी केलेली आहे. दोन राजांची माता असलेली ही स्त्री दोन राज्यारोहणांमधील सातत्याचे जिवंत प्रमाण होती. शिरोभागातील चित्रात ती देवासमोर का उभी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मातृकुळातील एका स्त्रीस थीब्जच्या अमूनची ‘दैवी उपासिका’ ही पदवी दिलेली आहे. या पदावरील राजकन्या अविवाहित राहत आणि उत्तराधिकारिणी दत्तक घेत, असे सामान्यतः मानले जाते. तसे असल्यास ही वंशावळ सर्वत्र रक्तसंबंधाची आहे असे म्हणता येणार नाही. तिच्यात दत्तकसंबंधही गुंफलेला असणे शक्य आहे. राजवंशाची शुद्धता सिद्ध करण्यासाठी वापरली जाणारी वंशावळ स्वतःच एक रचना आहे, याचे हे उदाहरण होय.

अन्य साधनांशी तुलना

डायोडोरस सिक्युलस याने इथिओपियातील राजनिवडीचे वर्णन केले आहे. त्याच्या मते पुरोहित प्रथम आपल्यातील श्रेष्ठ व्यक्ती निवडतात आणि मिरवणुकीतील देव त्यांपैकी ज्यास पसंत करतो त्यास लोक राजा मानतात. कौलाचा तपशील निवडलेखाशी जुळतो, परंतु पुरोहितांचे स्थान जुळत नाही. निवडलेखात पुढाकार सेनानी, गढ्यांचे अधिकारी, दप्तरप्रमुख आणि मुद्राधिकारी यांचा आहे. पुरोहित मंदिराच्या दारापाशी प्रथम दिसतात. उमेदवारही पुरोहितवर्गातील नाहीत, ते राजबंधू आहेत. ग्रीक वर्णनाच्या चष्म्यातून निवडलेख वाचल्यास कुशचे राज्य पुरोहितांच्या हातचे बाहुले भासते. लेख स्वतः मात्र लष्करी व प्रशासकीय अधिकाऱ्यांचे प्राबल्य दाखवितो.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील इरिके-अमानोते या राजाचा कावा येथील लेख तुलनेसाठी उपयुक्त आहे. तलाखामानी या पूर्वाधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर राजबंधूंमधून सैन्याने त्याची निवड केली आणि नंतर त्याने नापाता येथे जाऊन अमूनची मान्यता मिळविली, असे तो सांगतो. त्यावेळी त्याचे वय ४१ वर्षांचे होते. येथे सैन्याची निवड आधी आणि देवाचे अनुमोदन नंतर आहे. चौथ्या शतकातील नास्तासेन तर मेरोए येथे असताना नापात्याच्या अमूनने आपणांस बोलाविले असे सांगून प्रारंभ करतो. आलाराचे स्मरण तोही करतो, म्हणजे संस्थापकाचे नाव चार शतकांनंतरही प्रभावी होते. सैन्य, देव, राजबंधू आणि पूर्वज हे घटक तेच राहिले, पण त्यांचा क्रम व भार प्रत्येक राजाने आपल्या गरजेनुसार बदलला. हा बदलता क्रम एखाद्या कठोर नियमापेक्षा समर्थनाच्या सामायिक परिभाषेकडे निर्देश करतो.

अलीकडील संशोधनाने या विषयातील सावधगिरीची आवश्यकता आणखी वाढविली आहे. दीर्घकाळ शबाकानंतर शेबित्कू असा क्रम गृहीत धरून बंधूवारशाचे कोष्टक मांडले जात होते. २०१३ नंतरच्या चर्चेत हा क्रम उलट, म्हणजे शेबित्कू आधी आणि शबाका नंतर, असल्याचे मत बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारले. दोन राजांची अदलाबदल होताच जुनी कोष्टके पुन्हा मांडावी लागली. अस्पेल्तानंतर आलेल्या आरामातेल्कोला सामान्यतः अस्पेल्ताचाच पुत्र मानले जाते. तसे असल्यास ज्येष्ठ बंधूच्या पुत्रांकडे राज्य परत जाण्याचा मॅकअ‍ॅडम यांचा नियम येथेच मोडतो.

खोडलेली नावे

निवडलेखाचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य म्हणजे त्यातील रिकाम्या जागा. राजनामे ज्या अंडाकृती वलयांत, म्हणजे कार्टूशांत, कोरली जातात, ती वलये टाकीने छिलून काढलेली आहेत. राजाचे नाव, पित्याचे नाव, नासाल्साचे नाव आणि मातृकुळातील स्त्रियांची नावे नष्ट केलेली आहेत. राजाची ओळख शाबूत राहिलेल्या इतर नामोपाधींवरून पटली. बाकी कथन मात्र वाचता येते.

हे कृत्य कोणाचे, याविषयी दोन शक्यता मांडल्या जातात. पहिली शक्यता परकीय आक्रमणाची. इजिप्तचा राजा दुसरा सामतिक याने इ.स.पू. ५९३ मध्ये न्यूबियावर मोहीम काढली. शेलाल येथील त्याचा शिलालेख आणि अबू सिंबेलच्या विशाल मूर्तींच्या पायांवर ग्रीक व कॅरियन भाडोत्री सैनिकांनी कोरलेली नावे या मोहिमेची साक्ष देतात. इजिप्तमधील कुशच्या राजांची नावेही याच राजाच्या कारकिर्दीत खोडली गेली. रायझनर यांना १९१६ मध्ये जेबेल बार्कल येथे आणि शार्ल बोने यांच्या पथकाला २००३ मध्ये केर्माजवळील दुक्की गेल येथे भग्न राजमूर्ती सापडल्या. दुक्की गेलच्या सात मूर्ती तहार्का, तानुतामानी, सेन्कामानिस्केन, अन्लामानी व अस्पेल्ता यांच्या आहेत. या मालिकेतील शेवटचा राजा अस्पेल्ता असल्याने मोहीम त्याच्याच कारकिर्दीत झाली, असे सामान्यतः मानले जाते.

दुसरी शक्यता अंतर्गत वैराची. परकीय सैनिकांस राजाचे नाव खोडावयाचे कारण आहे. परंतु मातृकुळातील पणजी-खापरपणजीपर्यंतच्या स्त्रियांची नावे एकेक करून शोधून काढण्याचे प्रयोजन त्यांना असणे कठीण दिसते. भग्न मूर्तींवरील रोष सरसकट पाच राजांवर आहे, तर शिलापट्टावरील टाकी वंशावळीच्या नेमक्या जागी चालली आहे. ज्याला ही साखळी म्हणजे अस्पेल्ताच्या हक्काचा कणा आहे हे माहीत होते, त्याचेच हे काम असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अर्थात इजिप्शियन पथकातील साक्षर व्यक्तीने सर्व राजनामांची वलये एकाच आदेशाने खोडली असणेही अशक्य नाही. म्हणून या प्रश्नावर अंतिम निर्णय देण्यापेक्षा पुराव्याचा कल कोणत्या बाजूस आहे, एवढेच सांगणे इष्ट होय.

अंतर्गत तणावाची कल्पना अन्य लेखांवरून बळकट होते. बहिष्कारलेखातही राजाचे नाव खोडलेले आहे आणि तो बहुतेक अभ्यासक अस्पेल्ताचाच मानतात. अमूनच्या मंदिरातील काही व्यक्तींनी देवाची आज्ञा नसताना एका निरपराध माणसास ठार मारण्याचा बेत केला, म्हणून राजाने त्यांच्या कुळास मंदिरातून घालवून कठोर शासन केले, असा त्याचा आशय आहे. ज्या मंदिराने राजास कौल दिला त्याच मंदिरात राजास शुद्धीकरण करावे लागले, ही बाब सूचक आहे. तसेच जेबेल बार्कल येथेच मिळालेल्या शिलापट्टावरून अस्पेल्ताने पियेचा पुत्र खलिउत या दीर्घकाळापूर्वी दिवंगत झालेल्या राजपुत्राचा गौरव केल्याचे दिसते. राजवंशाच्या दुसऱ्या शाखेस सन्मान देऊन आपलेसे करण्याचा हेतू त्यामागे असू शकेल. तिसऱ्या वर्षातील लूव्र संग्रहालयाच्या शिलापट्टावर अमूनच्या मंदिरात सिस्ट्रमवादिनी म्हणून एका राजस्त्रीची नियुक्ती अधिकाऱ्यांच्या साक्षीने नोंदविलेली आहे. कौल, दंड, गौरव आणि नियुक्ती हे चारही उपक्रम एकत्र पाहिले असता, गादीवर बसणे सोपे आणि तिच्यावर टिकणे कठीण, अशी परिस्थिती नजरेसमोर येते.

पूर्वसूरींच्या गृहीतकांविषयी

कुशच्या इतिहासलेखनाचा पाया रायझनर यांच्या उत्खननाने घातला, हे मान्य केले पाहिजे. राजांचा क्रम त्यांनी थडग्यांच्या रचनेवरून बसविला आणि आजही त्याचा आधार घेतला जातो. परंतु हा राजवंश मूळचा लिबियन असावा असे त्यांनी मांडले. स्थानिक आफ्रिकी लोक असे राज्य उभारू शकतील, हे त्यांच्या काळातील वंशभेदी विचारास पचणारे नव्हते. हे मत आज त्याज्य ठरले आहे. तथापि त्याची प्रतिक्रिया म्हणून कुशमध्ये जे जे इजिप्तहून वेगळे ते ते ‘मूळ आफ्रिकी मातृसत्ता’ म्हणून रंगविण्याची प्रवृत्तीही तितकीच सदोष आहे. पहिल्या दृष्टीत कुश इजिप्तची नक्कल ठरतो, दुसरीत तो एका कल्पित आदिम व्यवस्थेचा नमुना ठरतो. दोहोंतही अस्पेल्ताच्या लेखकांनी कोणत्या पेचातून हा मजकूर रचला, याकडे दुर्लक्ष होते. इजिप्शियन भाषा, थीब्जची पदवी, आलाराच्या भगिनीचा वारसा आणि स्वतःच्या सैन्याचा दबाव यांतून त्यांनी घडविलेला युक्तिवाद हा खास कुशचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. निवडलेखावरून कुशच्या उत्तराधिकाराचा एकच नियम सिद्ध होत नाही. राजपुत्र वा राजबंधू असणे ही पात्रता होती. त्या पात्र व्यक्तींमधून कोण, हे सैन्याचे बळ, मंदिराचा कौल आणि मातृकुळाची प्रतिष्ठा यांच्या मेळातून ठरत असे. मातृवंशाची सात पिढ्यांची साखळी सावत्र बंधूंच्या दाव्यास उत्तर म्हणून समजून घेतल्यास तिची लांबी आणि तिचे स्थान दोन्ही उलगडतात. नावे खोडणाऱ्याने लेखातील इतर मजकूर शाबूत ठेवला, कारण कौलाची प्रक्रिया त्यास मान्य असावी. अमान्य होते ते एका विशिष्ट कुळाचे त्या प्रक्रियेतील नाव. दुसऱ्या कोणाचे नाव त्या रिकाम्या वलयांत चालले असते.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धात खार्टूम येथील सुदानच्या राष्ट्रीय संग्रहालयाची लूट झाली. अन्लामानीची शवपेटी याच संग्रहालयात ठेवलेली होती. कुशने स्वतःविषयी मागे ठेवलेले शब्द मुळातच मोजके आहेत. त्यांवर आयते सिद्धान्त लादण्याऐवजी जे उरले आहे ते, रिकाम्या जागांसह, काटेकोरपणे वाचणे ही अभ्यासकांची जबाबदारी ठरते. आपले नाव पुसले जाईल याची भीती अस्पेल्ताला वाटत होती, म्हणूनच त्याने ते ग्रॅनाइटवर कोरविले. ती भीती अनाठायी नव्हती, याची साक्ष तोच ग्रॅनाइट आज देत आहे.